लाइटीचं पाणी : कुंडलिकेवरची एक सहल आणि मुळशीचा सत्याग्रह

१/
गेल्या मे महिन्यात आमच्या घरातल्या तीन पिढ्या कोलाडला राफ्टिंगसाठी गेल्या होत्या. मुंबई-गोवा महामार्गावर लागणारे बहुतेक ओढे कोरडे होते. डोंगर करपलेले, शेतांना भेगा पडलेल्या. कुंडलिका मात्र श्रावणात असावी तशी दुथडी वाहत होती. ऐन उन्हाळ्यात या एकाच नदीला एवढे पाणी येते कुठून? या प्रश्नाचे उत्तर शोधत मागे गेलो, तर आपण १९२१ सालच्या रामनवमीपाशी येऊन थांबतो. आजचा थ्रेड त्याविषयी. थोडा दीर्घ आहे, पण शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

२/
आधी मंडळींची ओळख. आईची आई, म्हणजे माझी आजी, वय ८१. आई आणि मामा पन्नाशीतले. मी पंचविशीत आणि मामेभाऊ पंधरा वर्षांचा. वयाच्या अटीमुळे आजीला राफ्टमध्ये बसता येणार नव्हते, तरी ती हट्टाने आली होती. कारण कुंडलिकाकाठ हे तिचे माहेर. कोलाड आणि रोहा यांच्या दरम्यानच्या एका गावात तिचे बालपण गेले. तिचे वडील, माझे पणजोबा, लालबागच्या एका गिरणीत कामाला होते आणि गणपतीला व शिमग्याला गावी येत. गिरणगावातल्या असंख्य कोकणी घरांसारखेच हे घर.

३/
सकाळी लवकर पोहोचलो, तर नदी अर्धी रिकामी होती. राफ्ट काठावर पालथे घातलेले. मार्गदर्शक मुलगा म्हणाला, ‘‘थांबा जरा, पाणी अजून सुटलं नाही.’’ मामेभावाला हसू आवरेना. नदीचे पाणी नळासारखे सुटते का? त्यावर आजी शांतपणे म्हणाली, ‘‘हे लाइटीचं पाणी आहे रे बाबा. वरती लाइट तयार झाली, की मग ते इथं येतं.’’ इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण घेत असूनही हा शब्दप्रयोग मी प्रथमच ऐकत होते. विशेष म्हणजे तो तंतोतंत खरा आहे.

४/
थोडा भूगोल. कुंडलिका सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, भिऱ्याच्या परिसरात उगम पावते आणि कोलाड, रोहा ओलांडून रेवदंड्याजवळ, कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी अरबी समुद्राला मिळते. कोकणातल्या अशा आखूड नद्यांचा स्वभाव ठरलेला असतो. पावसाळ्यात त्या रौद्र होतात, दिवाळीनंतर ओसरतात आणि चैत्र-वैशाखात जागोजागी केवळ डोह उरतात. मूळची कुंडलिका याला अपवाद असण्याचे काहीच कारण नव्हते.

५/
आता घाटमाथ्यावर जाऊ. ताम्हिणीच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यात, मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमापाशी मुळशीचे धरण आहे. मुळेचे पाणी निसर्गतः पूर्वेकडे जाते : पुण्यात मुठेला भेटते, पुढे भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि अखेरीस बंगालच्या उपसागरात. धरण झाल्यावर या पाण्याचा मोठा हिस्सा उलट दिशेने, पश्चिमेला वळवण्यात आला. डोंगरातून काढलेल्या बोगद्यातून आणि पुढे पोलादी नळांतून ते सुमारे ५०० मीटर खाली कोसळते आणि भिऱ्याच्या वीजगृहातली चक्रे फिरवते. देवकुंड धबधब्याला जाणारे ट्रेकर ज्या भिऱ्याला गाड्या लावतात, तेच हे भिरा.

६/
चक्रे फिरवून झाल्यावर पाण्याचे काम संपते आणि ते कुंडलिकेच्या पात्रात सोडले जाते. भिऱ्याच्या खाली तेच पाणी पुन्हा अडवून त्यावर राज्य शासनाचे आणखी एक वीजगृह चालते. तिथून ते सुटले, की कोलाडच्या वरच्या अंगाचे पात्र भरते आणि काठावर पालथे घातलेले राफ्ट सुलटे होतात. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून ते कालव्यांत जाते. म्हणजे राफ्टखाली उसळणारे पाणी हे बंगालच्या उपसागराकडे निघालेले, पण वाटेत वळवून अरबी समुद्राकडे धाडलेले पाणी आहे.

७/
असा उलटा प्रवास कोणाला आणि का हवा होता? विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्या मुख्यतः कोळशाच्या वाफेवर चालत. कोळसा दुरून आणावा लागे, तो महाग पडे आणि शहरावर धुराचे छत असे. सह्याद्रीचा प्रचंड पाऊस आणि कोकणात कोसळणारा सरळ कडा या दोहोंचा उपयोग करून वीज निर्माण करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या काळातच मांडली गेली. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. १९१० मध्ये त्यासाठी कंपनी स्थापन झाली, लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधले गेले आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईला वीज मिळू लागली. त्यानंतर आंध्रा खोऱ्याच्या पाण्यावर भिवपुरीचे वीजगृह उभे राहिले.

८/
मुंबईची भूक मात्र वाढत होती. गिरण्या, ट्राम, दिवे आणि १९२५ पासून विजेवरच्या लोकल गाड्याही. १९१९ मध्ये तिसरी कंपनी स्थापन झाली आणि तिची दृष्टी मुळशीकडे वळली. अभियंत्याच्या नकाशावर ती एक आदर्श जागा होती : भरपूर पाऊस, अरुंद खिंड, लगेच पलीकडे खोल दरी. त्या नकाशावर माणसे दिसत नव्हती. प्रत्यक्षात बुडणाऱ्या क्षेत्रात पन्नासहून अधिक गावे होती, सुमारे ११,००० माणसे होती आणि आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरे होती.

९/
जमीन संपादनासाठी सरकारच्या हाती १८९४ चा कायदा होता. त्या कायद्यात ‘सार्वजनिक हित’ हा कळीचा शब्द होता आणि एका खासगी कंपनीच्या प्रकल्पासाठी तो वापरला गेला. मावळ्यांच्या शेतांत मोजणी आणि खोदकाम सुरू झाले, तेव्हा अनेकांना आपली जमीन जाणार हे प्रथमच कळले. येथे लक्षात घ्या, की १९२० हे असहकाराच्या चळवळीचे वर्ष होते. पुण्यातल्या कार्यकर्त्यांपर्यंत ही बातमी पोहोचली, तेव्हा ‘सत्याग्रह’ हा शब्द वातावरणात होताच.

१०/
१६ एप्रिल १९२१. रामनवमी. सुमारे बाराशे मावळे धरणाच्या कामाच्या जागी जमले आणि तिथेच बसून राहिले. पुरुष होते, बायका होत्या, काखेत मुले होती. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. काम बंद पडले. कंपनीने काही महिन्यांसाठी ते थांबवण्याचे मान्य केले. धरणामुळे विस्थापित होणाऱ्यांनी उभारलेल्या जगातल्या अगदी आरंभीच्या संघटित लढ्यांत याची गणना होते. राजेंद्र व्होरा यांनी तर आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच या लढ्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे. नर्मदेच्या आंदोलनापूर्वी सहा दशके हे घडत होते.

११/
नेतृत्वात विनायकराव भुस्कुटे होते, शिवरामपंत परांजपे होते, आणि होते पांडुरंग महादेव बापट. पारनेरचा हा हुशार मुलगा शिष्यवृत्तीवर एडिंबरोला शिकायला गेला आणि परतला तो क्रांतिकारक होऊन. मुळशीच्या लढ्याने त्यांना जी उपाधी दिली, तीच पुढे त्यांचे नाव बनली : सेनापती. मुंबईत किंवा पुण्यात सेनापती बापट मार्गावरून तुम्ही अनेकदा गेला असाल. ते कोणत्या सेनेचे सेनापती होते, असा प्रश्न कधी पडला आहे का? ती सेना मुळशीच्या भातशेतकऱ्यांची होती.

१२/
ही कथा ‘शूर शेतकरी विरुद्ध धनाढ्य कंपनी’ इतकी सरळ मात्र नाही. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी गहाण पडलेल्या होत्या आणि त्यांवर पुण्यातल्या सावकारांचा हक्क होता. सावकाराला जमीन वाचण्यापेक्षा तिची भरपाई चांगली मिळण्यात अधिक रस होता. कसणाऱ्याला जमीन हवी होती, कारण तिच्याखेरीज त्याच्याकडे काहीच नव्हते. पुण्याच्या राजकीय नेतृत्वातही दोन मते पडली : लढा पुढे न्यायचा, की वाढीव भरपाई घेऊन थांबायचे. १९२१ च्या वसंतात एकसंध दिसलेली फळी याच भेगेतून दुभंगली.

१३/
डिसेंबर १९२१ मध्ये काम पुन्हा सुरू झाले, तसा सत्याग्रहही. या वेळी अटकसत्र चालले. शेकडो माणसे तुरुंगात गेली, त्यांत स्त्रियाही होत्या. गांधीजींनी १९२१ मध्ये ‘यंग इंडिया’तून या लढ्याची दखल घेतली होती, मात्र देशाच्या राजकारणाचा ओघ दुसरीकडे होता. एकेक गाव भरपाई स्वीकारत गेले. डिसेंबर १९२४ मध्ये बापट आणि त्यांच्या मोजक्या साथीदारांनी धरणाच्या कामावरील मजुरांना नेणारी गाडी रुळांवर दगड रचून, हाती शस्त्रे घेऊन अडवली. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. सत्याग्रह म्हणून सुरू झालेला लढा अशा रीतीने संपला.

१४/
१९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. मुळशीच्या शेतांवर पाणी चढले आणि त्याच वर्षापासून कुंडलिका बारमाही झाली. या दोन्ही गोष्टी एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि चर्चांत मात्र त्या कधी एकत्र येत नाहीत. मुळशीचा सत्याग्रह ‘पुण्याचा इतिहास’ म्हणून शिकवला जातो, तर कुंडलिकेचे राफ्टिंग ‘रायगडचे पर्यटन’ म्हणून. मध्ये सह्याद्री उभा असल्यामुळे एका बाजूचे दुसऱ्या बाजूला दिसत नाही.

१५/
येथे आजीच्या स्मरणाकडे परत येते. तिने स्वतः कोरडी कुंडलिका कधी पाहिलीच नाही. तिचा जन्म १९४४ चा. परंतु तिची आजी, म्हणजे माझी खापरपणजी, सांगत असे, की तिच्या तरुणपणी चैतात नदी चपला न भिजवता ओलांडता येई आणि पिण्याच्या पाण्यासाठी बायका वाळूत झरे उकरीत. ‘‘मग लाइटीचं पाणी आलं आणि नदी आटायची विसरली,’’ हे तिचे शब्द. खापरपणजीला १९२७ हा आकडा ठाऊक नव्हता. नदी तिच्या डोळ्यांदेखत बदलली, एवढे तिला ठाऊक होते.

१६/
मौखिक इतिहासाकडे साशंकतेने पाहण्याची सवय आम्हा विद्यार्थ्यांना लावली जाते आणि ते योग्यच आहे. स्मरण तारखा चुकवते, क्रम बदलते, आपल्याला हवे ते ठेवते. तरीही कागदपत्रे जे नोंदवत नाहीत, ते काही वेळा एखाद्या शब्दात टिकून राहते. वीज किती निर्माण झाली, खर्च किती आला, याच्या नोंदी वीजगृहाच्या दप्तरात असतात. त्या पाण्यामुळे कोणा बाईचे झरे उकरण्याचे कष्ट वाचले, हे आमच्या घरी ‘लाइटीचं पाणी’ या दोन शब्दांतच नोंदलेले होते, आणि मी ते एका राफ्टिंगच्या सहलीत ऐकले.

१७/
साडेनऊच्या सुमारास पाणी आले. आधी आवाज आला, मग काठचे दगड एकेक करून दिसेनासे झाले. लाइफ जॅकेट, हेल्मेट, हातात वल्ही. मामा पुढे, आई मध्ये, मी आणि मामेभाऊ मागे. पहिल्याच खळाळात राफ्टचे नाक वर उचलले गेले आणि पाण्याची भिंत अंगावर आली. आयुष्यात कधी पोहायला न शिकलेली माझी आई लहान मुलीसारखी हसत होती. साधारण बारा किलोमीटरचा तो प्रवास आनंदाचा होता, आणि हा थ्रेड त्या आनंदावर पाणी ओतण्यासाठी लिहिलेला नाही.

१८/
मधल्या संथ भागात मार्गदर्शकाने वल्ही थांबवायला सांगितली. तेव्हा मामाने पणजोबांची गोष्ट काढली. गिरणीत त्यांचा साचा विजेवर चाले, पण गावच्या घरी रॉकेलचा कंदील होता. आजीच्या लग्नानंतरही कितीतरी वर्षे तो तसाच राहिला. ज्या नदीच्या काठावरून वीज मुंबईला जात होती, त्या काठावर अंधार होता. तरीही पणजोबांच्या पगारावर गावचे घर उभे राहिले, मुले शिकली, आणि त्यांची पणती आज विद्यापीठात बसून या साऱ्याचा अभ्यास करते आहे.

१९/
राफ्ट पुन्हा प्रवाहाला लागला तेव्हा मला एका गोष्टीची थोडी लाज वाटली. मुळशीच्या सत्याग्रहावर मी वर्गात निबंध वाचला होता. मावळ्यांची बाजू आवेशाने मांडली होती. त्या लढ्यात माझे घर कुठे उभे होते, हा प्रश्न मात्र स्वतःला विचारला नव्हता. नळाच्या एका टोकाला मुळशीचे भातखाचर होते. दुसऱ्या टोकाला मुंबईची गिरणी, तिच्यात माझे पणजोबा, आणि मधल्या नदीवर माझ्या खापरपणजीची घागर. आम्ही कंपनी नव्हतो, सरकार नव्हतो, सावकारही नव्हतो. पण पाणी आमच्या बाजूला आले होते.

२०/
हा हिशेब केवळ भूतकाळाचा नाही. पश्चिमेकडे वळवलेल्या या पाण्याचा मुद्दा कृष्णा पाणीतंटा लवादापुढेही आला होता. १९७६ च्या अंतिम निवाड्याने हे वळवणे मर्यादा घालून मान्य केले. भीमेच्या खोऱ्यात पाऊस कमी पडला, की वीजनिर्मितीसाठी कोकणात सोडले जाणारे हे पाणी पूर्वेकडे परत द्यावे, ही मागणी पुन्हा पुन्हा उठते. ती गैर आहे असे कोण म्हणेल? पण ते परत गेले, तर शंभर वर्षे या पाण्यावर विसंबलेल्या कुंडलिकेचे, तिच्या कालव्यांचे, काठच्या गावांचे आणि राफ्टवर पोट भरणाऱ्या त्या मार्गदर्शक मुलाचे काय? १९२१ मध्ये हक्क मुळशीचा होता. आज त्याच पाण्यावर दोन्ही उतारांवरची माणसे हक्क सांगतात, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

२१/
उतरलो तेव्हा आजी काठावरच्या आंब्याखाली बसली होती. पाय पाण्यात सोडलेले. जेवताना मी तिला मुळशीची सगळी हकिकत सांगितली. रामनवमी, बाराशे माणसे, ‘जान किंवा जमीन’, तुरुंग, बापट. हे पाणी घाटावरून येते हे तिला ठाऊक होते. त्याच्याखाली गावे आहेत हे तिला ठाऊक नव्हते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, ‘‘म्हणजे आमची नदी आटायची थांबली ती त्यांची शेतं बुडाली म्हणून. मग आपण त्यांचं काय लागतो गं?’’

२२/
मी त्या वेळी उत्तर देऊ शकले नाही. परतीच्या वाटेवर विचार करत होते. अपराधी म्हणावे, तर पणजोबांनी कोणाचे काही हिरावून घेतलेले नव्हते. निर्लेप म्हणावे, तर आमच्या घरातला प्रत्येक जण त्या पाण्याचे काहीतरी देणे लागतो. मराठीत यासाठी एक चांगला शब्द आहे : ऋणी. ऋण फेडता येतेच असे नाही, पण ते कोणाचे आहे हे ठाऊक असावे लागते. ते ठाऊक करून देणे, एवढे काम तरी इतिहासाला करता येते.

२३/
म्हणून शेवटी एक विनंती. कोलाडला जरूर जा. घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन जा, त्यांना काठावर बसू द्या, आणि पाणी सुटण्याची वाट पाहताना हे पाणी कुठून येते ते राफ्टमधल्या सर्वात लहान मुलाला सांगा. जमल्यास येताना ताम्हिणीमार्गे या आणि मुळशीच्या जलाशयापाशी पाच मिनिटे थांबा. पुढच्या महिन्यात आम्ही आजीला तिथेच घेऊन जाणार आहोत. तिचाच आग्रह आहे.

२४/
तुमच्या घरात, गावात धरणाविषयी, कालव्याविषयी, बुडालेल्या किंवा नव्याने भिजलेल्या जमिनीविषयी असा एखादा शब्द, म्हण, आठवण असेल तर खाली अवश्य लिहा. विशेषतः मुळशी खोऱ्यातून उठून गेलेल्या घरांतली कोणी मंडळी हे वाचत असतील, तर त्यांचे ऐकायला मला फार आवडेल. या थ्रेडमध्ये एका बाजूची आठवण आली आहे. दुसऱ्या बाजूची तुमच्याकडे आहे.

थ्रेड समाप्त.